घर कुणाच्या जिवावर चाललं

दूरदर्शनच्या जुन्या दिवसांची आठवण निघाली की आमच्या महाड-पोलादपूरकडची पन्नाशीतली माणसं ‘दोघी’चं नाव हमखास काढतात. आधी आठवतं ते त्यातलं तडकलेल्या भुईचं गाणं. शब्द ना. धों. महानोरांचे, चाल आनंद मोडकांची आणि आवाज अंजली मराठेचा. तिला त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, हेही कुणीतरी सांगतं. मग सोनाली कुलकर्णी तेव्हा किती लहान दिसायची ते निघतं. शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: तेव्हाचे पिक्चर साधे होते, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावेत असे. माझा आक्षेप या वाक्याला आहे. ‘दोघी’ साधा चित्रपट नाही. तो घरातल्या सगळ्यांनी मिळून नीट पाहिला असेल, तर त्या रात्री बऱ्याच घरांत कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नसेल.

ज्यांनी पाहिला नाही किंवा जे विसरले, त्यांच्यासाठी कथा सांगते. १९९५ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी हा चित्रपट केला. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा आणि दूरदर्शनचा. कोरडवाहू गावातल्या एका घरात गौरी आणि कृष्णा या दोन बहिणी. थोरल्या गौरीचं लग्न ठरतं. लग्नाच्याच दिवशी नवऱ्याकडच्या वऱ्हाडाला अपघात होतो आणि नवरामुलगा जातो. गाव गौरीला पांढऱ्या पायाची ठरवतं. बापाचं अंग लुळं पडतं, मिळवतं माणूस उरत नाही, आणि मामा गौरीला मुंबईला घेऊन जातो. तिकडून पैसे येऊ लागतात. ते कुठल्या कामाचे, हे धाकट्या कृष्णाला हळूहळू उमगत जातं. पुढे कृष्णाचं लग्न ठरतं, गौरी त्या लग्नाला गावी येते, आणि जिच्या पैशांवर घर तगलं तिलाच आई परकी करते. रेणुका दफ्तरदार गौरी झाली होती, सोनाली कुलकर्णी कृष्णा, उत्तरा बावकर आई आणि सदाशिव अमरापूरकर मामा.

बहुतेकांना ही गौरीची गोष्ट वाटते. मला ती कृष्णाची वाटते. गौरीवर जे गुदरायचं ते गुदरून गेलेलं असतं. जिला अजून मोठं व्हायचं आहे ती कृष्णा. आणि तिचं मोठं होणं न्हाण येण्यात नाही, प्रेमात पडण्यात नाही, लग्न ठरण्यातही नाही. आपण जे खातो ते कुणाच्या जिवावर खातो, हे कळतं त्या दिवशी ती मोठी होते. गरिबाच्या घरातलं मूल असंच मोठं होतं, असं माझं म्हणणं आहे. आणि हे कळल्यावर पुढे काय करायचं, याबद्दल आपण मराठी माणसांनी पोरांना जे शिकवलं ते अर्धवट आहे.

चित्रपटातलं गाव दुष्काळी आहे, आणि आमच्या पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सावित्री महाबळेश्वरावरून उतरते ती आमच्याच खोऱ्यातून महाडकडे जाते. तेव्हा भेगाळलेल्या भुईशी आमचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. हा सगळा पाऊस चार महिन्यांत उतारावरून धावत खाडीला मिळतो आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या वाड्या टँकरची वाट पाहतात. सपाट जमीन ओंजळभर. भाताची खाचरं नदीकाठाला, आणि वरकसावर नाचणी-वरी. एका पिकावर घर वर्षभर चालत नाही. म्हणून इथलं घर शंभर वर्षं मुंबईच्या पैशावर चाललं. गिरण्या, गोदी, माथाडीचं काम, हॉटेलं, घरगडी. गावात म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. तरणा पुरुष दिसायचा तो शिमग्याला आणि गौरी-गणपतीला.

त्या पैशाचं रूप म्हणजे मनीऑर्डर. ही सेवा आपल्याकडे १८८० साली सुरू झाली आणि कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. मधल्या काळात कोकणातल्या वाडीवस्तीवर पोस्टमनएवढी वाट कुणाचीच पाहिली गेली नसेल. फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी हाताएवढीही नाही अशी जागा असायची. तिथे लिहिलेलं असायचं की मी खुशाल आहे, पैसे मिळाल्याचं कळवा, बैलाचं बघा. पोस्टमन वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा, नोटा मोजून द्यायचा. धाडणारा कसा राहतो ते त्या जागेत मावत नव्हतं. गावकीच्या एका खोलीत वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपतात, दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच चटईवर पडतो, खोकला आहे, व्याज चढलं आहे, हे गावात कळायचं ते मेल्यावर किंवा मरायला गावी आणल्यावर. घरच्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. विचारायचं नाही असं ठरलेलं होतं. विचारलं असतं तर पैसे घेणं जड झालं असतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि मनीऑर्डरी आटल्या. त्या काळात इथली घरं कशी तगली याचा इतिहास गिरणगावावरच्या पुस्तकांत थोडा सापडतो, आणि तोही मुंबईच्या बाजूने. गावाकडे कुणाचे डाग गहाण पडले, कुठली पोर शाळेतून काढून धुण्याभांड्यासाठी शहरात कुणाच्या घरी ठेवली, कुणाचं लग्न घाईनं उरकलं, हे घराघरांत माहीत असतं, पण कुठे लिहिलेलं नसतं. आणि नीट पाहिलं तर पुरुष संपावर गेला तेव्हा मुंबईतल्या चुली बायांनी चालू ठेवल्या होत्या. कामगारांचे डबे करणाऱ्या या खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरवांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं. तोवर त्यांच्या श्रमाला काम म्हणायचीही पद्धत नव्हती. आमच्याकडे अजूनही कुणाचा उल्लेख होतो तो ‘अमक्याचा मुलगा मुंबईला कामाला’ असा. मुलगी मुंबईला असली तर ती ‘मुंबईला असते’. ती काय करते, किती धाडते, ते वाक्यात येत नाही.

आता मराठीतली दुसरी गोष्ट घेऊ, कारण तिच्याशिवाय हे बोलणं पुरं होत नाही. कशेडी घाट ओलांडून दापोली तालुक्यात गेलं की पालगड. साने गुरुजींचं गाव. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि अत्र्यांनी १९५३ साली त्यावर केलेल्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम कितीतरी पिढ्यांनी पाहिला, थिएटरात, शाळेच्या पटांगणात आणि पुढे दूरदर्शनवर. तिथेही खाली जात असलेलं घर आहे, कर्ज आहे, सावकाराच्या माणसानं केलेला अपमान आहे. तिथेही पोराला कळतं की आई झिजते आहे. ते पुस्तक मला आवडतं आणि त्याची थट्टा करणाऱ्यांशी माझं जमत नाही. घरात काही नसताना पोराच्या मनाला वळण लावणारी ती बाई खरी आहे. तशा बाया मी जवळून पाहिल्या आहेत.

पण श्यामला जे कळतं त्याचं पुढे काय होतं? कृतज्ञता होते. डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आलं की हिशोब पुसला जातो. आई का झिजली, तिच्या वाट्यालाच ते का आलं, जमीन कुणी गिळली, भाऊबंदकीत कोण कसं वागलं, हे प्रश्न पुस्तकात नाहीत असं नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात उरतं ते आईचं पुण्य. आपण पोरांना तेवढंच दिलं. घरासाठी कुणी जीव टाकला तर त्याच्या पाया पडायचं. त्यानं का टाकावा, हे विचारायचं नाही. आणखी एक गोष्ट दिसते. श्याम मुलगा आहे. तो शिकेल, बाहेर पडेल, आईची आठवण सांगेल. पैसा संपला की शाळेतून आधी काढली जाते ती बहीण, आणि तिच्या आठवणी सांगायला बहुधा कुणी नसतं.

ज्यांनी त्या सांगितल्या त्यांच्याकडे वेगळंच सापडतं. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ साली आलं. रत्नागिरीजवळच्या त्या घरात वडील गेल्यावर आई बांबूची सुपं-टोपल्या विणून पोरं वाढवते. तिथे आईवर माया आहे तशीच आईची भीतीही आहे, राग आहे, जातीमुळे टोपली दारात कशी घेतली जायची त्याची चीड आहे. घर चालवणारा हात तिथे कामाचा हात म्हणून दिसतो, त्याला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही. ‘दोघी’ याच कुळातला चित्रपट आहे. त्यात कृष्णा बहिणीच्या पाया पडून मोकळी होत नाही. ती आईला जाब विचारते.

इथे लोक म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात वजन आहे, की त्या आईला जाब विचारणं सोपं आहे. पोट भरलेल्यानं टीव्हीसमोर बसून तिला दगड मारू नये. नवरा अंथरुणाला खिळलेला, रानात काही पिकत नाही, दुसरी पोर लग्नाची. तिनं करायचं काय? मला हे मान्य आहे. उत्तरा बावकरांनी ती आई अशी उभी केली आहे की तिचा तिरस्कार करताच येत नाही. पण तिचं सर्वांत क्रूर वागणं भुकेच्या दिवसांतलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं. भूक भागल्यावरचं आहे. पैसे आले, घर सावरलं, धाकटीचं लग्न उभं राहिलं, आणि त्यानंतर ती थोरलीला दूर ठेवते. तेव्हा तिच्यापुढे पोटाचा प्रश्न नाही. तेव्हा प्रश्न अब्रूचा आहे.

आणि अब्रू म्हणजे पोकळ गोष्ट, असं शहरातल्या वाचकानं समजू नये. जमीन गहाण, बैल विकलेला, नवरा खाटेवर, अशा घराकडे उरलेली एकमेव मालमत्ता म्हणजे नाव. नावावर वाण्याकडे उधार मिळतं. नावावर लावणीला माणसं येतात, भावकी खांदा द्यायला येते, पोरीला स्थळ येतं. ते गेलं की घर जिवंत असूनही गावाच्या हिशोबातून बाद होतं. आमच्याकडे गावकीतून कुणाला बाहेर टाकलं की काय होतं ते सांगायला नको. रायगड जिल्ह्यात वाळीत टाकण्याची इतकी प्रकरणं पुढे आली की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून ती आई दोन वह्या ठेवते. एक पैशाची, एक अब्रूची. पहिलीत गौरी जमेला आहे, दुसरीत खर्चाला. आई वेडी नाही, दुष्ट नाही. गावानं तिला दिलेलं गणित ती बरोबर सोडवते. खोट आहे ती त्या गणितातच.

ते गणित कुणी मांडलं हे चित्रपट दाखवून देतो, आणि लोक विसरतात ते नेमकं हेच. गौरीला मुंबईला नेणारा मामा आहे, पण तिला मुंबईखेरीज दुसरी वाट न ठेवणारं गाव आहे. अपघातात नवरामुलगा गेला यात तिचा काय दोष? घाटात राहणाऱ्या आम्हाला अपघात माहीत आहेत. आंबेनळी आणि कशेडीच्या वळणांवर किती घरं बुडाली ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि दोष रस्त्याचा, वेगाचा, धुक्याचा असतो. पण लग्न ठरलेल्या पोरीच्या बाबतीत दोष तिच्या पायाचा. गावानं तिला पांढऱ्या पायाची म्हटलं नसतं तर तिचं दुसरं लग्न झालं असतं, घराला जावयाचा आधार मिळाला असता, आणि मामाच्या बोलण्याला कुणी कान दिला नसता. म्हणजे गौरीच्या वाट्याला जे आलं त्याची सुरुवात दुष्काळानं केली नाही. चार तोंडांनी पारावर बसून केली. आणि ती चार तोंडं पुढे पैसा देत नाहीत, धान्य देत नाहीत. ती येतात ते कृष्णाच्या लग्नात गौरीकडे बघायला.

सुमित्रा भावे चित्रपटात आल्या त्या समाजशास्त्राच्या वाटेनं, हे इथे सांगायला हवं. पुण्यात समाजकार्याचं शिक्षण देताना, बायांच्या स्वप्रतिमेचा अभ्यास करताना, ज्यांच्याबद्दल आपण लिहितो त्यांना आपलं लिहिलेलं वाचताच येत नाही हे त्यांना खटकलं आणि त्यातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट आला, मग ‘पाणी’. म्हणून ‘दोघी’त कुणी सुटा खलनायक नाही. माणसं चुकतात ती एका रचनेत अडकून, आणि ती रचना दिसावी म्हणूनच चित्रपट केलेला आहे. २०२१ साली भावे गेल्या. त्यांच्यावर जे लिहून आलं त्यात ‘संवेदनशील’ हा शब्द फार होता. मला त्यांच्यात अधिक दिसतो तो निग्रह.

मुलीचं नाव गौरी आहे हे मला दरवर्षी भाद्रपदात आठवतं. आमच्याकडे पोरीबाळी पाणवठ्यावरून तेरड्याच्या गौरी वाजतगाजत आणतात. ती लेक असते, माहेराला आलेली. उंबऱ्यावर पाय धुवायचे, घरभर हळदीकुंकवाची पावलं काढायची, घरातल्या खोल्या, धान्य, डागडागिने दाखवत विचारायचं की गौरी आली, काय काय घेऊन आली. एका दिवशी गोडाचं, कित्येक घरांत दुसऱ्या दिवशी तिखटाचं. तिसऱ्या दिवशी डोळे पुसत बोळवण. मुंबईहून माणसं रजा टाकून येतात ती या तीन दिवसांसाठी. लेकीचं घरी येणं एवढ्या थाटानं साजरं करणाऱ्या मुलखात, खरोखर सगळं घर ओंजळीत घालून आलेली लेक बाहेरच्या पडवीत बसते. चित्रपटातलं गाव घाटावरचं असेल. ही विसंगती आमचीसुद्धा आहे.

हे दुखणं फक्त मराठी नाही. ऋत्विक घटकांच्या ‘मेघे ढाका तारा’मध्ये, १९६० सालीच, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबातली नीता अशीच घर ओढते, तिच्या पगारावर सगळे उभे राहतात, आणि क्षयानं खोकणाऱ्या तिला घरात जागा उरत नाही. जपानच्या एनएचके वाहिनीनं १९८३ साली ‘ओशिन’ नावाची मालिका दाखवली. त्यातली खंडानं शेती करणाऱ्याची सात वर्षांची पोर एका पोत्या तांदळाच्या मोबदल्यात कामाला धाडली जाते. अर्धा जपान तेव्हा टीव्हीसमोर बसत होता, कारण श्रीमंत झालेल्या त्या देशाला आपली आजी कशी वाढली हे पहिल्यांदाच दिसत होतं. एक पोतं तांदूळ. आमच्या नाचणीच्या मुलखात तो भाव कुणालाही समजेल.

आणि तो भाव इतिहासजमा झालेला नाही. पोलादपूर-महाडच्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर ओस पडतात. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला सगळं कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातं, पोरांसकट. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे, उचल बंद झालेली नाही. तिथलं पोर सहा-सात वर्षांचं असतानाच शिकतं की आपल्या आईबापाचं येतं वर्ष आधीच खाऊन झालेलं आहे. कृष्णाला जे वयात येताना कळलं ते त्याला दुधाच्या दातांबरोबर कळतं. त्याच्या वयात येण्याची गोष्ट अजून कुठल्या पडद्यावर मी पाहिलेली नाही.

ती पडद्यावर यायला कुणाचा पैसा लागतो, हाही प्रश्न आहे. ‘दोघी’ सार्वजनिक पैशातून झाला. सत्यजित राय यांचा ‘सद्गती’ही १९८१ साली दूरदर्शनसाठीच झाला होता. ब्रिटनमध्ये केन लोच यांनी बीबीसीसाठी केलेला ‘कॅथी कम होम’ नोव्हेंबर १९६६ मध्ये दाखवला गेला. घर गमावलेल्या एका तरुण आईपासून रेल्वे स्टेशनवर तिची मुलं ओढून नेली जातात तो शेवट लाखो लोकांनी एकाच रात्री पाहिला आणि बेघरांचा प्रश्न देशाच्या बोलण्यात आला. अशी ताकद एका चित्रपटात येते ती सगळे तो एकत्र पाहतात तेव्हा. आमच्या वाड्यांत टीव्ही एखाद्याच घरी असायचा, अँटेना चिव्याच्या काठीला बांधलेला, डोंगराआडून येणारं चित्र मुंग्यांनी भरलेलं. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. टीव्ही ज्याचा त्याचं अंगण, आणि त्या अंगणात कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं असायचं. काहींनी तर अंगणाबाहेरूनच पाहायचं. पण ‘दोघी’सारखा चित्रपट लागला की सासरा, सून, कॉलेजला जाणारी पोर, मुंबईहून आलेला दीर हे सगळे एका वेळी एकच गोष्ट ऐकत होते. गौरी उंबऱ्याबाहेर उभी राहते तेव्हा तिथून उठून जायला सोय नव्हती. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. टीव्हीवरच्या मराठी घरांत दिवाणखाना पेठेएवढा असतो आणि पैसा कुठून येतो याची चर्चाच नसते. भांडण असतं ते दागिन्याचं आणि मानाचं. ज्या समाजात बहुतेकांना महिन्याच्या शेवटच्या दहा तारखा ढकलाव्या लागतात, त्या समाजानं पैशाचा उगम पडद्यावरून पुसून टाकावा हे मला घातक वाटतं. पोरांना जे घरात कुणी सांगत नाही ते गोष्टीतूनच कळायचं असतं.

म्हणूनच ‘दोघी’ची आठवण काढताना नुसत्या गाण्यापाशी थांबू नये. त्याचा एक अगदी रोखठोक, कागदोपत्री अर्थही आहे. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या. पुढल्याच वर्षी ‘दोघी’ आला. केंद्राच्या कायद्यानं ९ सप्टेंबर २००५ पासून तो हक्क देशभर दिला, लग्नाची अट उरली नाही, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की बाप त्या तारखेला हयात होता की नव्हता यानं फरक पडत नाही. म्हणजे घर कुणाच्या जिवावर चाललं याचं उत्तर नाही दिलं तरी, घर कुणाचं याचं उत्तर कायद्यानं दिलेलं आहे.

आमच्याकडे या कायद्याची आठवण झाली ती महामार्गामुळे. मुंबई-गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणात जमिनी गेल्या, कशेडीला बोगदा झाला, मोबदल्याचे आकडे आले, आणि सातबारावरच्या किंवा वारस म्हणून निघणाऱ्या बहिणींच्या सह्यांची गरज पडली. वर्षानुवर्षं ज्यांना कुणी विचारलं नव्हतं त्यांच्या घरी विरार-नालासोपाऱ्याला, दिव्याला, कामोठ्याला भाऊ पेढे घेऊन गेले. हक्कसोडपत्राचा मजकूर सगळीकडे सारखाच: माझा हिस्सा मी स्वखुशीनं, कोणताही मोबदला न घेता सोडत आहे. खाली सही किंवा अंगठा, बाजूला दोन साक्षीदार, संध्याकाळी जेवण आणि एक साडी.

यातल्या कितीजणींनी लग्नाआधी चार-पाच वर्षं कुणाच्या घरची धुणीभांडी करून, कारखान्यात पॅकिंग करून, रुग्णालयात रात्रपाळ्या करून माहेरी पैसे धाडलेले असतात. त्यावर भाऊ शिकलेला असतो, घराला कौलांच्या जागी स्लॅब पडलेला असतो. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या फरशीवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात, तिथेही नाव असतं भावाचं. त्या सही का करतात, हे मी अनेकींना विचारलं आहे. कायदा माहीत नाही असं कुणीच म्हणत नाही. उत्तर एकच येतं: ‘माहेर तुटंल ना.’ हिस्सा मागितला तर गणपतीला यायचं कुठं, आई-बाबांच्या मागे कुणाच्या दारात उभं राहायचं. ‘दोघी’तल्या आईनं गौरीला जे दाखवलं तीच ही भीती, फक्त सभ्य झालेली. बहीण आपला हिस्सा देऊन माहेराला येण्याची परवानगी विकत घेते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती तलाठ्याच्या कचेरीत जाऊन एका दिवसात करता येण्याजोगी आहे. बाप गेल्यावर वारसनोंद घालताना बहिणींची नावं आधी सातबारावर चढवावीत, कुणाला न विचारता, भावांच्या नावांच्या बरोबरीनं. सोडपत्राचा कागद सोबत नेऊ नये. पुढे तिला सोडावंसं वाटलं तर ते तिनं आपणहून सांगावं, आणि नाही सोडलं तरी भाद्रपदात तिच्या नावाचं ताट वाढलेलं असावं. आणि ग्रामस्थ मंडळाच्या पूजेला दरवर्षी रात्री जो पिक्चर लावतात, तिथे एकदा ‘दोघी’ लावावा. बायांना पुढे बसवावं.